उत्तर: दूध उकळलं की ब्रुसेलाची भीती संपली?

‘दूध उकळून प्यायलं की ब्रुसेलोसिसचं (ब्रुसेला जंतूंमुळे गुरांकडून माणसाला होणाऱ्या तापाच्या आजाराचं) भय नाही,’ असं म्हटलं जातं. पिणाऱ्यापुरतं ते खरं, पण गोठ्यात राबणाऱ्याचं काय?

आमचा गोठा गोव्यात, डिचोलीकडे. या आजाराने गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली की मेलेलं वासरू नि वार (वासरामागून पडणारी झार) उचलायला काका उघड्या हातांनी पुढे. खरा धोका तिथेच. त्या वारेत आणि स्रावात जंतू खच्चून भरलेले असतात. हातावरच्या बारीक चिरेतून, डोळ्यांतून, श्वासातूनही ते शिरतात. काकांना पुढे ताप यायचा-जायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. दोन महिने टायफॉइड, मलेरिया असंच चाललं होतं. ‘तुमच्याकडे गुरं आहेत का?’ हा प्रश्न तिसऱ्या डॉक्टरांनी विचारला, तेव्हा कुठे रक्ताची नेमकी तपासणी झाली. डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन ही दोन औषधं, पूर्ण सहा आठवडे. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो.

लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, एकदाच. ती जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचताना सुई स्वतःला लागली तर माणसालाही आजार होऊ शकतो. माणसांसाठी आपल्याकडे लस नाही. तेव्हा हातमोजे, आणि वार चुना घालून खोल पुरायची, कुत्र्यांना ओढू द्यायची नाही. (आमच्याकडे ती माडाच्या बुंध्याशी टाकायची रीत होती!)

आणि पावसात शेणा-मुताच्या चिखलात अनवाणी उभं राहणाऱ्यांना लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस, जनावरांच्या मुतातून पसरणारा ताप) धोका असतो. तापाबरोबर पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना गोठ्याचं आपणहून सांगा.