व्हॅली ऑफ फ्लॉवर्स : आईसोबत जायचे आहे, पण नेमके कधी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

पुढच्या मोसमात आईला घेऊन उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाण्याचा विचार आहे आणि त्यासाठी येथील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. आई अडुसष्ट वर्षांची असून वनस्पतिशास्त्राची निवृत्त शिक्षिका आहे. तिची तब्येत एकंदरीत चांगली आहे, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. चढण ती सावकाश, पण कुरकुर न करता चढते. त्रास होतो तो उतरताना, गुडघ्यांचा. कासचे पठार तिने अनेकदा पाहिले आहे आणि तेथेही ती रंगांच्या पट्ट्यांपेक्षा गुडघ्यावर बसून सीतेची आसवे आणि गेंद निरखण्यातच जास्त रमते. तिच्या या स्वभावामुळेच माझा प्रश्न थोडा वेगळा झाला आहे.

उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात उघडे असते, गोविंदघाटाच्या पुढे पुलनापर्यंत गाडी जाते आणि तेथून घांगरिया या मुक्कामाच्या गावापर्यंत साधारण दहा किलोमीटरची चढण आहे, एवढी माहिती मी मिळवली आहे. दरीत मुक्कामाला परवानगी नसल्यामुळे रोज घांगरियाहून जाऊन संध्याकाळच्या आत परतावे लागते, हेही समजले. अडचण पुढे आहे. ज्यांना विचारावे ते ‘ऑगस्टचा मध्य’ असे एका शब्दात सांगतात. परंतु त्या दिवसांतली छायाचित्रे पाहिली तर बहुतेकांत एकच गुलाबी फूल दूरवर पसरलेले दिसते. आईचे म्हणणे असे की, एकाच जातीचा गालिचा पाहण्यासाठी इतक्या लांब जाण्याची गरज नाही. तिला निळी पॉपी, प्रिम्युला, पेडिक्युलॅरिस आणि जमल्यास ब्रह्मकमळ त्यांच्या मूळ जागी पाहायचे आहे. ही सगळी एकाच वेळी दिसतात का, आणि दिसत नसतील तर जास्तीत जास्त जाती पाहण्यासाठी कोणता पंधरवडा निवडावा, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी काही शंका आहेत. जोशीमठाहून निघून त्याच दिवशी घांगरिया गाठणे तिच्या वयाला झेपेल का? गुडघ्यांचा विचार करता घोडा कुठपर्यंत मिळतो आणि कुठे पायीच चालावे लागते? शिवाय भावाच्या मुलांना यायचे आहे, पण त्यांना सुट्टी फक्त मे महिन्यात असते. तेव्हा दरी बंद असते हे ठाऊक आहे, तरी मे महिन्यात हिमालयात फुलांसाठी जाण्यासारखी दुसरी जागा असल्यास तीही सुचवावी. एखाद्या सहल कंपनीबरोबर जाण्याची इच्छा नाही, कारण त्यांच्या वेळापत्रकात दरीसाठी एकच दिवस ठेवलेला असतो आणि आई एका झुडपापाशी अर्धा तास सहज थांबू शकते.

प्रतिसाद १

तुमच्या आईंचा आक्षेप अगदी रास्त आहे. ऑगस्टमध्ये दिसणारा तो गुलाबी गालिचा म्हणजे इम्पेशन्स सल्काटा, आपल्या तेरड्याचा हिमालयातला भाऊबंद, फक्त माणसाच्या उंचीइतका वाढणारा. तो एकदा वाढला की त्याच्या पानांखालची लहान फुले वाटेवरून दिसेनाशी होतात. त्याच्याच जोडीला पॉलिगोनम ही आणखी एक उंच वनस्पती दरीत पसरली आहे. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाल्यावर मेंढपाळांची गुरे दरीत येणे बंद झाले आणि त्यामुळे या उंच वनस्पतींना मोकळे रान मिळाले, असे मत काही अभ्यासक मांडतात. वनखाते ती उपटून काढण्याचे काम करत असते. म्हणून जो माणूस रंग पाहायला येतो त्याच्यासाठी ऑगस्ट उत्तम, पण जो जाती ओळखायला येतो त्याने त्याआधी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कास आणि ही दरी यांतला एक फरक ध्यानात घेतला की वेळेचे गणित सोपे होते. कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर पातळ असतो आणि तेथील बहुसंख्य फुले पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपणारी, एका हंगामाची असतात. त्यामुळे सगळे पठार एका पावसाच्या तालावर चालते. साडेतीन हजार मीटरवरच्या कुरणात मात्र बहुतेक वनस्पती बहुवर्षायू असतात. त्या जमिनीखालच्या कंदात किंवा मुळात अन्न साठवून हिवाळा बर्फाखाली काढतात आणि बर्फ हटल्यावर मिळणाऱ्या तीन-चार महिन्यांत पाने, फुले, बिया सगळे उरकून घेतात. बर्फ जेथे आधी वितळतो तेथे फुले आधी येतात, सावलीच्या घळीत उशिरा येतात आणि जसजसे वर जावे तसतसा हंगाम मागे पडत जातो. याचा उपयोग असा की, दरीत एखाद्या फुलाचा बहर संपला असेल तरी तेच फूल चारपाचशे मीटर वर ताजे सापडण्याची शक्यता असते.

आता तुमच्या यादीकडे येतो. प्रिम्युला आणि पांढरी अ‍ॅनिमोन ही जूनची फुले, बर्फाच्या कडेने येणारी. पण त्या वेळी ओढ्यांवर बर्फाचे पूल शिल्लक असतात आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यांवरून नेणे मला योग्य वाटत नाही. निळी पॉपी, म्हणजे मेकोनॉप्सिस अक्युलिआटा, जुलै ते ऑगस्टच्या पूर्वार्धात खडकाळ उतारावर आढळते. तिच्या देठांवर आणि पानांवर काटेरी लव असते, तेव्हा हात लावण्याचा मोह टाळावा. घांगरियाहूनच वर हेमकुंड या शीख तीर्थस्थानाकडे जाणाऱ्या वाटेवर ती दरीपेक्षा अधिक सहज भेटते, आणि ब्रह्मकमळासाठीही तीच वाट धरावी लागते, कारण ते चार हजार मीटरच्या आसपास फुलते आणि त्याचा बहर जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत असतो. पेडिक्युलॅरिस, लाल पोटेन्टिला, जिरेनियम, मोरिना आणि नदीकाठच्या वाळूत वाढणारी एपिलोबियम या सर्वांची गाठ जुलैच्या उत्तरार्धात पडू शकते. प्रिम्युलावर पाणी सोडायची तयारी असेल, तर साधारण २० जुलै ते ५ ऑगस्ट हा काळ मी निवडेन.

या निवडीची किंमतही सांगायला हवी. हाच काळ सर्वाधिक पावसाचा आणि दरडींचा असतो. रस्ता बंद झाला की तो कधी उघडेल हे कोणीच सांगू शकत नाही. परतीचे विमान किंवा रेल्वे यांच्या आधी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. दुसरे असे की, उत्तरेकडच्या पंचांगानुसार श्रावण सुरू होताच हरिद्वारला कावड यात्रेची प्रचंड गर्दी होते आणि ऋषिकेशपर्यंतची वाहतूक अनेक ठिकाणी वळवली जाते. त्या वर्षीची श्रावण शिवरात्र कधी आहे ते पाहून तिच्यानंतर हरिद्वारला पोहोचता आले, तर बराच मनस्ताप वाचेल. पंचांग असे फुलांच्या सहलीलाही उपयोगी पडते.

प्रतिसाद २

वेळेबाबत वरील उत्तराशी सहमत आहे. मी केवळ उंची आणि गुडघे यांविषयी लिहितो.

जोशीमठ १९०० मीटरच्या आसपास आणि घांगरिया साधारण ३०५० मीटरवर आहे. बहुतेक लोक हा टप्पा एका दिवसात पार करतात, पण अडीच हजार मीटरच्या वर उंचीचा त्रास कोणालाही होऊ शकतो आणि व्यायामाची सवय असणे ही त्याविरुद्धची हमी नव्हे. म्हणून जोशीमठला दोन रात्री काढून मधल्या दिवशी उंचीची सवय व्हावी म्हणून वर औलीपर्यंत जाऊन यावे आणि घांगरियाला पोहोचल्यावर त्या संध्याकाळी विश्रांतीच घ्यावी. दुसऱ्या दिवशी दरी पाहावी; हेमकुंड त्यानंतरच, कारण ते ४३०० मीटरच्या आसपास असून सहा किलोमीटरांत सुमारे १२०० मीटरची चढण आहे. सकाळी डोकेदुखी किंवा मळमळ जाणवली, तर वर जाण्याचा बेत त्या दिवसापुरता रद्द करावा. आणि थांबूनही त्रास वाढत गेला किंवा चालताना तोल जात असेल, तर खाली गोविंदघाटाकडे उतरावे. उंचीचा त्रास टाळण्यासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी अनेकजण परस्पर घेतात. ते औषध लघवीचे प्रमाण वाढवते आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचेही कार्य तेच असते, शिवाय सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळायचे असते, त्यामुळे आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये.

घोडे-खेचरे पुलना ते घांगरिया आणि घांगरिया ते हेमकुंड या दोन्ही वाटांवर मिळतात, परंतु राष्ट्रीय उद्यानाच्या आत त्यांना प्रवेश नाही. दरीत जायचे तर स्वतःच्या पायांनी, अथवा हमालाच्या पाठीवरच्या कंडीत (टोपलीत) बसून. उद्यानाची वाट आधी पुष्पावती नदीच्या पुलापर्यंत उतरते, मग चांगलीच चढते आणि त्यानंतर दरी उघडते. म्हणजे परतताना हाच चढ दगडी, ओल्या वाटेने उतरावा लागतो आणि गुडघ्यांची परीक्षा तेथेच होते. दोन काठ्या, पकड घेणारे बूट आणि गुडघ्याचा पट्टा यांची सवय घरी असतानाच करून घ्यावी. हेमकुंडला घोड्यावरून जाऊन उतरताना घोडा सोडून देणारे पुष्कळ दिसतात. तुमच्या बाबतीत नेमके याच्या उलट करणे सोयीचे ठरेल, अर्थात उतरणीवर घोड्यावर बसण्याची भीती वाटत नसेल तर.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आईला वाचून दाखवले. प्रिम्युलाचा मुद्दा तिने फारशी तक्रार न करता मान्य केला. आता घांगरियाला चार रात्री राहून दोन दिवस दरीसाठी आणि एक हेमकुंडसाठी ठेवण्याचा विचार आहे. दरीत एका दिवशी जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंतच जावे, अशी तिची इच्छा आहे. त्या १९३९ मध्ये येथे वनस्पती गोळा करत असताना पाय घसरून मरण पावल्या, ही गोष्ट ती वर्गात सांगत असे. तेथपर्यंतची वाट आत शिरल्यानंतर फार चढाची आहे का? मे महिन्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून बाकी आहे.

प्रतिसाद ३

समाधीपर्यंतची वाट दरीत शिरल्यावर सौम्य चढउताराची आहे. मधले ओढे पावसाच्या जोरावर कधी फुगतात, तेव्हा सकाळी द्वार उघडताच आत शिरावे आणि दुपारी लवकर मागे फिरावे. दुपारनंतर नव्याने आत सोडत नाहीत.

मे महिन्यात मुलांना न्यायचे असेल तर कुरणातली फुले विसरून ऱ्होडोडेंड्रॉन या फुलझाडाकडे वळावे. उत्तर सिक्कीममधील युमथांग खोऱ्यात, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, एप्रिलच्या अखेरीपासून त्याच्या अनेक जाती फुलतात आणि त्यांच्या पायथ्याशी प्रिम्युलाही असते, म्हणजे आईंचे राहिलेले फूल तेथे भेटेल. तेथे जाण्यासाठी परवाना लागतो. ४ ऑक्टोबर २०२३ च्या तीस्तेच्या पुरात त्या भागातील रस्ते आणि पुलांचे मोठे नुकसान झाले होते, म्हणून आरक्षण करण्यापूर्वी गंगटोकमध्ये रस्त्याची ताजी स्थिती विचारून घ्यावी. उत्तराखंडातच राहायचे असल्यास चोपत्याहून तुंगनाथची वाट धरावी. लाल बुरांस, म्हणजे तेथील लाल ऱ्होडोडेंड्रॉन, खालच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्येच उरकतो, पण वरच्या टप्प्यावरचा फिकट जांभळा ऱ्होडोडेंड्रॉन मे महिन्यात सापडतो. बांधलेली वाट साडेतीन-चार किलोमीटरची आहे, मुलांना ती सहज जमेल. आईही बरोबर असतील तर येथेही घोडे मिळतात.