लर्निंगच्या परीक्षेत पाट्याच चुकायल्यात, कसं लक्षात ठेवू?

टाकेवाली (औसा तालुका)

नमस्कार. वय 46, धंदा शिलाईचा. ब्लाउज, फॉल-पिकोची कामं आणायला-द्यायला गावातून औशाला जावं लागतं. इतकी वर्षं काळीपिवळी नाहीतर एसटी. औंदा लेकीनं पहिल्या पगारातून जुनी स्कुटी घेऊन दिली. चालवायला येतीय, म्हणजे गल्लीत आणि शेताच्या रस्त्यानं. लायसन काढावं म्हणून लर्निंगची परीक्षा दिली आन् नापास झाले. दहावीला इंग्रजीत गेले होते, त्यानंतरचं हे दुसरं नापास.

नियमाचे प्रश्न बरे गेले. दारू पिऊन चालवावं का, ॲम्ब्युलन्सला वाट द्यावी का, हे कुणालाही येतंय. घोळ झाला तो पाट्यांत. निळ्या गोलात लाल तिरपी रेघ आणि निळ्या गोलात लाल फुली, ह्यात फरक काय? डावीकडं वळलेला बाण एकदा तिकोनात येतो, एकदा गोलात. बाण तोच, उत्तर वेगळं! 50 चा आकडा एकदा लाल कडेत, एकदा निळ्यात. रेल्वेच्या दोन पाट्या आहेत, त्या तर मी नाणं उडवल्यासारख्या सोडवल्या.

लेकीनं मोबाइलवर ॲप टाकून दिलंय. दोनशे प्रश्न पाठ केले. क्रम बदलला की पाठ केलेलं सगळं पळून जातंय. सिग्नलचं तर विचारूच नका. गावात सिग्नल कुठला? लातूरला बघते तेवढाच, तोही ऑटोत बसून, आणि तेव्हा माझं लक्ष पिशवीतल्या कपड्यांवर असतं.

भाचा म्हणतो, एजंटला पैसे दे, तो बसल्या जागी करून देतो. मला तसलं नको. रस्त्यावर एजंट काय माझ्या मागं बसायचा आहे का?

अजून एक. लर्निंग हातात आलं की सासूबाईंना मागं बसवून तुळजापूरला नेलं तर चालतं का? त्या आत्ताच लुगडं घडी करून बसल्यात.

परभणीकर

ताई, साठ टक्के आले तरी पास आहे, एवढं काय टेन्शन घेताय. आपल्याकडं खरा नियम एकच: हॉर्न वाजवत चला. बाकी पाट्या निवडणुकीची पोस्टरं चिकटवायला असतात.

उतरलेलं स्टेअरिंग (लातूर)

परभणीकर, चेष्टा ठीक आहे, पण ताईंनी मनापासून विचारलंय.

ताई, मी 31 वर्षं एसटी चालवली. लातूर–नांदेड, लातूर–बीड, शेवटची काही वर्षं खेड्यातल्या मुक्कामी गाड्या. ॲप आठ दिवस बाजूला ठेवा. तुम्ही चित्र पाठ करायलात, तिथंच गडबड आहे. आधी पाटीचा आकार बघा, मग रंग, चित्र सगळ्यात शेवटी. रात्रीचा पाऊस, काचेवर धुरळ्याचा चिखल, समोरच्या ट्रकचा उजेड डोळ्यात, अशा वेळी पाटीतलं चित्र माझ्यासारख्याला कधीच दिसलं नाही. गोल का तिकोन, एवढं दिसायचं. तेवढ्यावर पाय ब्रेककडं जायचा.

गोल म्हणजे हुकूम. लाल कडेचा गोल असेल तर मनाई नाहीतर मर्यादा. निळा भरलेला गोल असेल तर ते करायलाच पाहिजे. आता तुमचा 50 बघा. लाल कडेत 50 म्हणजे त्याच्या वर जायचं नाही. निळ्यात 50 म्हणजे त्याच्या खाली यायचं नाही.

टोक वर असलेला तिकोन काही हुकूम सोडत नाही, तो फक्त सांगतो की पुढं काहीतरी आहे, सांभाळ. म्हणून तिकोनातला बाण म्हणजे पुढं रस्ता डावीकडं वळतोय. निळ्या गोलातला बाण म्हणजे तू डावीकडंच वळायचंस, दुसरीकडं नाही. आणि चौकोन म्हणजे नुसती माहिती: दवाखाना, पेट्रोल पंप, गावाचं नाव, किलोमीटर.

ह्या हिशोबात न बसणाऱ्या पाट्या थोड्याच आहेत. ‘थांबा’ची पाटी आठ कोनी आणि ‘रस्ता द्या’ची उलटा तिकोन. हे आकार दुसऱ्या कुठल्याच पाटीला दिलेले नाहीत. त्यामुळं पाठीमागून दिसली तरी ओळखू येते, आणि आडव्या रस्त्यानं येणाऱ्यालाही कळतं की थांबायचं कुणी आहे. पांढऱ्या गोलात काळी तिरपी रेघ दिसली तर मागं घातलेलं बंधन संपलं.

तुमची निळ्या गोलातली लाल रेघ हीसुद्धा अशीच दोन्हीकडची भेसळ आहे, निळा रंग आणि वर मनाई. तिथं तुम्ही चुकलात ह्यात नवल नाही, आमच्या डेपोतले भले भले चुकायचे. एक रेघ म्हणजे गाडी लावून जायचं नाही, माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. फुली म्हणजे थांबायचंच नाही. एक रेघ एक बंदी, दोन रेघा दोन बंद्या.

रेल्वेचं. पाटीत कुंपणासारखं गेट असेल तर फाटक आहे. धूर सोडणारं इंजिन असेल तर फाटक नाही, तुमचं तुम्ही बघा. पाटीखाली दोन तिरप्या पट्ट्या असल्या तर रूळ 200 मीटरवर, एकच असली तर 50 ते 100 मीटरवर. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं 2019 च्या सुरुवातीपर्यंत संपवली, पण परीक्षेत इंजिन अजून येतं. मी नोकरीला लागलो तेव्हा लातूरला बार्शी लाइटची छोटी गाडी होती. अशा फाटकाला बस उभी करायची, कंडक्टरनं खाली उतरून रुळापर्यंत जाऊन दोन्हीकडं बघायचं आणि मग हात करायचा. हे आमच्या साहेबांनी काढलेलं खूळ नव्हतं, मोटार वाहन कायद्यात कलम 131 च आहे तसं. कंडक्टर, क्लीनर कुणी नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. पावसात उतरताना आमचे कंडक्टर जे काही बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सिग्नलचं उद्या लिहितो, नातू मोबाइल मागायलाय.

एल बोर्ड (नांदेड)

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना शिकवते. काकांनी पाट्यांचं सांगितलंच, मी सासूबाईंचं सांगते: नाही चालत. लर्निंगवर दुचाकीच्या मागं फक्त शिकवणारा बसू शकतो, तोही पक्कं लायसन असलेला. गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल ‘एल’ लावायचा, पाटी कमीत कमी 18 सेंटिमीटर लांब-रुंद. नेलपेंटनं काढलेला ‘एल’ मी स्वतः पाहिलाय, तसलं नको.

लर्निंग 6 महिने चालतं. तारखेपासून 30 दिवस झाले की पक्क्यासाठी परीक्षा देता येते. आणि अर्ज भरताना बघून भरा. बिनगिअरच्या गाडीचं लायसन घेतलं तर त्यावर घरातली गिअरची मोटारसायकल चालवता येणार नाही. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांना हे चलन फाटल्यावर कळतं.

हेल्मेट मागच्यालाही लागतं. म्हणजे पक्कं लायसन आल्यावर सासूबाईंच्या पदराखाली हेल्मेट घालायची तयारी करा.

उतरलेलं स्टेअरिंग (लातूर)

सिग्नल. लाल, हिरवा सगळ्यांना येतो, गोची पिवळ्याची आहे. आपल्याकडं पिवळा म्हणजे ‘पळ, लाल व्हायच्या आत’ असंच समजतात. पिवळा लागला तेव्हा थांबायच्या पांढऱ्या रेषेच्या अलीकडं असाल तर थांबा. रेष ओलांडून चौकात शिरलाच असाल तर अडकून न राहता बाहेर पडा. रेष झेब्राच्या अलीकडं असते. झेब्रा चालणाऱ्यांचा, त्याच्यावर चाक आणून टेकवायचं नसतं.

रात्री पिवळा नुसता उघडझाप करत असतो. तेव्हा सावकाश, बघून निघायचं. लाल उघडझाप करत असेल तर आधी पूर्ण थांबायचं, दोन्हीकडं बघायचं आणि मगच जायचं.

तुम्ही लातूरला येता म्हणून गंजगोलाईवरनं एक सांगतो. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. गोल चौकात आपण डावीकडून शिरतो, घड्याळाच्या काट्यासारखं फिरतो आणि आत आधीच फिरत असलेल्याला वाट देतो. मी आलो म्हणजे आतल्यानं थांबावं, असं नसतं. परीक्षेत हे हमखास येतं. गोलाईत मात्र हातगाडे, ऑटो, पेरूवाल्या मावश्या ह्यांच्यात नियम शोधावा लागतो. बघायचंच असेल तर सकाळी सहाला या, तेव्हा गोल गोलासारखा दिसतो.

रस्त्यावरच्या रेघाही शिका, पाट्यांइतक्याच बोलतात. तुटक पांढरी असेल तर पलीकडं मोकळं बघून पुढं जाता येतं. सलग असेल तर ओलांडायची नाही. शेजारी शेजारी एक तुटक, एक सलग असेल तर तुटक रेघ ज्याच्या बाजूला आहे त्यालाच मुभा.

परभणीकर

काका एक सांगा. सिग्नल लाल असला तरी डावीकडं जायला कायम मोकळंच असतंय ना? मी तर रोज जातो.

उतरलेलं स्टेअरिंग (लातूर)

रोज चुकताय. तिथं तशी पाटी असेल किंवा डावीकडचा हिरवा बाण लागला असेल तरच जाता येतं. नसेल तर डावीकडं वळणाऱ्यालाही लाल तो लालच.

आणि चौकातनं सरळ जाताना चारी इंडिकेटर लावायची नवी फॅशन आलीय, ती तुमची असेल तर तीही सोडा. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला तुमची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं गाडी वळायलीय.

परभणीकर

चारी इंडिकेटर लावतो खरं. बंद केलं आजपासून.

टाकेवाली (औसा तालुका)

सगळ्यांना नमस्कार. पंधरा दिवसांनी लिहायलेय. परवा परीक्षा दिली, पास झाले. दोनच चुकले.

दादा, तुमचं ‘आधी आकार’ वाचलं आणि मी उठून मशीनपाशी गेले. शिलाईत दुसरं काय असतंय? गोल म्हणजे गळा. तिकोन म्हणजे घागऱ्याची कळी. चौकोन म्हणजे पट्टी. अस्तराच्या उरलेल्या चिंध्यांतनं कापलं सगळं. पांढऱ्या गळ्याला लाल पायपिंग लावलं की मनाई. निळ्या कापडाचा गळा पायपिंगशिवाय, की करायलाच पाहिजे. कळी सरळ म्हणजे सांभाळ, आणि कळी उलटी लागली तर उसवायच्या आधी समोरच्याला वाट द्या! आठ कोनी तुकडा कापायला मात्र वेळ लागला, चार दिशेला घडी घालून कोपरे छाटले तेव्हा जमला. निळ्या गळ्याला लाल पायपिंग असलं तुकडं दुकानात कुणी शिवून मागणार नाही, म्हणूनच ते लक्षात राहिलं. एक तिरपी टीप आणि दोन तिरप्या टिपा.

आता औशाला जाताना काळीपिवळीत पुढं बसते आणि पाट्या वाचत जाते. ड्रायव्हर वैतागलाय. त्यानं अरुंद पुलाच्या तिकोनापाशी एकाला ओव्हरटेक केलं, मी बोलले. तो म्हणाला, मावशी, उतरता का?

एक मात्र रस्त्यावर कळलं, परीक्षेत कुणी विचारलं नाही. उसाचे ट्रॅक्टर. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्यांच्यासाठी कुठला तिकोन आहे?

चुकलेल्यातला एक सांगते, कारण मला तो अजून पटला नाही. चढावर समोरासमोर गाड्या आल्या तर आधी वाट कुणाला? मी लिहिलं उतरणाऱ्याला. त्याचा ब्रेक नाही लागला तर?

उतरलेलं स्टेअरिंग (लातूर)

अभिनंदन ताई! कळीचं वाचून घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. सौ. म्हणाल्या, 31 वर्षांत तुम्हाला असं सांगता आलं नाही.

वाट चढणाऱ्याला. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी घेऊन चढताना एकदा थांबलात की कळतं. सगळं वजन मागं ओढतं, क्लच जळल्याचा वास येतो, आणि मागं दुसरी गाडी चिकटलेली असते. उतरणारा गिअरमध्ये असेल तर थांबू शकतो. ब्रेक नाही लागला तर म्हणताय, तर त्यानं न्यूट्रलमध्ये उतरायचंच नसतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे मी लई बघितले.

उसाच्या ट्रॉलीला पाटी नाही. तिच्या मागं दिसायला लागल्यावर ब्रेक मारू म्हणाल तर उशीर होतो. कारखाने चालू असतात तेवढे महिने अंधार पडल्यावर स्कुटी काढू नका. निघालातच तर वेग असा ठेवा की हेडलाइटच्या उजेडात जेवढं दिसतं तेवढ्यातच थांबता येईल. बाजूनं काढताना ऊस डोक्याच्या उंचीला असतो, हेल्मेटची काच खाली पाहिजे.

दुसरं काय चुकलं?

टाकेवाली (औसा तालुका)

दुसरं डावीकडचंच. लाल असताना मोकळं, असं दाबून आले. परभणीकरांचं वाचलं होतं, तेच डोक्यात बसलं.

परभणीकर

माफी ताई 🙏

एल बोर्ड (नांदेड)

आता आठ काढायचा सराव सुरू करा. परीक्षेत पाय टेकला की गेलं. आणि सासूबाईंचं काय झालं?

टाकेवाली (औसा तालुका)

रुसल्या होत्या. ह्या मंगळवारी एसटीनं जाऊन आलो तुळजापूरला. त्यांचं पंच्याहत्तरच्या पुढं म्हणून फुकट, माझं अर्ध्या तिकिटात. जाताना मी खिडकीतनं पाट्या मोजत होते, तर मधेच त्यांनी बोट दाखवून विचारलं, ही उलटी कळी कशाची गं?