शब्दचर्चा : अयुथया, वाट, चेदी, विहान – मराठीत काय लिहावं?

प्रश्न : थायलंडची जुनी राजधानी असलेल्या, बँकॉकहून एका दिवसात जाऊन येण्याजोग्या अयुथयाची छोटी मराठी माहितीपुस्तिका करायची आहे. गावाचं नाव ‘अयोध्या’ लिहावं की ‘अयुथया’? वाट, चेदी, विहान, प्रांग या तिथल्या धार्मिक वास्तूंच्या थाई नावांना प्रतिशब्द द्यावेत की ती तशीच ठेवावीत?

उत्तर : नाव ‘अयुथया’च ठेवा. मूळ अयोध्याच आहे, आणि १३५१मध्ये ही राजधानी वसवणाऱ्या राजाचं बिरुदही रामाधिपती. पण वाचकाला स्टेशनवर विचारायचं आहे ते आजच्या नावाने.

थाई लिपीत संस्कृत-पाली शब्दांचं मूळ लेखन बरंचसं टिकून आहे, बदललेला आहे तो उच्चार. ग चा ख होतो, द-ध चा थ, ब-भ चा फ. उलट प आणि त यांचे बऱ्याचदा ब आणि द होतात. शेवटचा र किंवा ल ‘न’ ऐकू येतो. एवढं ध्यानात घेतलं की रामाधिपतीचा ‘रामाथिबोदी’, नगरचं ‘नखोन’, लवपुरीची ‘लोपबुरी’ कशी झाली ते आपोआप उलगडतं. ‘फ्रा नखोन सी अयुथया’ या पूर्ण नावातला फ्रा म्हणजे ‘वर’ (श्रेष्ठ) आणि सी म्हणजे ‘श्री’. पुस्तिकेत ही ओळख एकदाच, सुरुवातीला द्या. पुढे प्रत्येक नावापुढे कंसात संस्कृत रूप लिहीत बसलात तर वाचक पाटीवरचं नाव विसरेल.

प्रतिशब्दांबद्दल : ‘वाट’ तसाच ठेवावा. ‘अंगकोर वाट’मुळे तो मराठीत रुळलेला आहे. थाई उच्चार आखूड आहे खरा, पण ‘वट’ लिहिलं तर वडाचं झाड आठवेल. आपल्या ‘वाट’शी (रस्ता) त्याचा संबंध नाही. पालीतल्या ‘वाट’चा, म्हणजे कुंपणाने बंदिस्त केलेल्या जागेचा, हा शब्द मानतात, आणि आपला ‘वाडा’ही त्याच घराण्यातला. म्हणून ‘वाट’ म्हणजे एकच देऊळ नव्हे, सगळं आवार. वाट महाथात म्हणजे महाधातूचं, बुद्धाच्या अस्थिअवशेषांचं आवार.

खरा घोटाळा होतो तो चेदी आणि विहान या शब्दांत. चेदी म्हणजे चैत्य, पण मराठी वाचकाला चैत्य म्हटलं की कार्ल्याचं चैत्यगृह दिसतं, आत शिरता येतं असं. चेदी हा स्तूप आहे. वाट फ्रा सी सान्फेतचे ओळीने उभे असलेले तीन घंटाकृती चेदी पाहा. तिथे ‘स्तूप’च लिहा. विहान हा ‘विहार’च, मात्र आपल्या लेण्यांतला विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा, आणि तिथला विहान म्हणजे बुद्धमूर्ती असलेलं सभागृह. भिक्खू राहतात ती ‘कुटी’. ‘विहार’ असं भाषांतर केलंत तर वाचक खोल्या शोधत बसेल.

प्रतिप्रश्न : विहान आणि उबोसोत यांतला फरक कसा सांगावा? छपरं गेल्यावर दोन्हींत विटांचा लांबट चौथरा आणि खांबांचे बुंधेच उरतात.

उत्तर : भोवतालचे दगड बघायला सांगा. उबोसोत म्हणजे उपोसथागार, दीक्षाविधीची जागा. तिच्या आठ दिशांना पानाच्या आकाराच्या शिळा रोवतात, त्यांना ‘सेमा’ म्हणतात, म्हणजे आपली ‘सीमा’. विहानाला त्या नसतात. काही ठिकाणी त्या पडलेल्या किंवा हलवलेल्या असतात, म्हणून एकच दगड पाहून ठरवू नये.

प्रांग मात्र भाषांतराविना ठेवा. ख्मेर घाटाचा, मक्याच्या कणसासारखा उभा मनोरा. ‘शिखर’ लिहिलं तर तो इमारतीवरचा भाग वाटेल, इथे प्रांग ही स्वतंत्र वास्तू आहे. महाथातचा मुख्य प्रांग कोसळलेला आहे, शेजारच्या वाट रात्चबूरानाचा उभा आहे.

नदीच्या शब्दांबद्दल : ‘मे नाम’ म्हणजे नदी, शब्दशः पाण्याची आई. जुन्या युरोपीय नकाशांत तेच चाओ फ्राया नदीचं नाव समजून छापलं गेलं. ती चूक पुस्तिकेत येऊ देऊ नका. ‘ख्लोंग’ला कालवा चालेल. ‘था’ म्हणजे होडी लागते ती जागा. मराठीत घाट म्हटलं की दगडी पायऱ्या डोळ्यांपुढे येतात आणि इथे बऱ्याचदा फळ्यांचा तराफा असतो, म्हणून ‘धक्का’ बरा.

जुनं गाव ‘बेट’ आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. भोवती नद्या : उत्तरेला लोपबुरी, पूर्वेला पा सक, पश्चिम-दक्षिणेला चाओ फ्राया. रेल्वे स्टेशन पा सकच्या पूर्व काठावर, म्हणजे बेटाबाहेर. स्टेशनातून सरळ समोरच्या गल्लीने गेलं की तरीचा धक्का येतो, काही बाथांत (थाई चलन) पलीकडे. साध्या गाडीला बँकॉकहून दीड-दोन तास लागतात. अयुथया शेवटचं स्टेशन नाही, त्यामुळे आधीच दाराशी यावं लागतं.

महाथातमध्ये झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धमस्तकाजवळ ‘खाली बसून फोटो काढावा’ अशी ठळक ओळ हवी, कारण आपलं डोकं त्याच्यापेक्षा उंच असणं तिथे अनादर मानतात. वाट चाइवत्थनाराम (जयवर्धनाराम) नदीपलीकडे पश्चिम काठावर आहे. ‘गावाजवळ’ एवढंच लिहिलंत तर भाड्याची सायकल घेतलेला माणूस भर दुपारी पूल शोधत फिरेल, तेव्हा ‘पूल ओलांडून’ हे शब्द गाळू नका.