मदत हवी आहे: सोनीचे हेडफोन, डोक्यावरचे घेऊ की कानातले?

आळशी ससा:

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे घरच्यांचं डोकं खाऊन झालं, आता तुमचं खाते. आधीचे इअरबड्स (कंपनीचं नाव घेत नाही) गेले. डावा आधी अर्ध्या तासात मान टाकायला लागला, मग उजव्यानेही त्याला साथ दिली. नवीन घ्यायचे ते सोनीचेच, एवढं ठरलंय. भावाकडचे ऐकले आणि आवाजाचा बाज आवडला. तेव्हा दुसऱ्या कंपन्यांची नावं कृपया सुचवू नका, आहे तेवढा गोंधळ पुरेसा आहे.

गोंधळ नावांपासूनच सुरू होतो. गाडीची नंबरप्लेट वाचतोय असं वाटतं. आतापर्यंत मला कळलेलं असं: डब्ल्यूएचने सुरू होणारे ते डोक्यावरचे, डब्ल्यूएफने सुरू होणारे ते कानात घालायचे सुटे. १०००एक्स ही दोन्हीकडची वरची मालिका. डोक्यावरच्यांत सीएच आणि कानातल्यांत नुसता सी ही खालची. लिंकबड्स हे मधूनच उगवलेलं वेगळं घराणं.

माझा दिवस असा. सकाळ-संध्याकाळ पाऊण-पाऊण तास बस, त्यात बहुतेक पॉडकास्ट. मग लॅपटॉपवर मीटिंगा, रोज दोन-तीन तास, कधी चार. घरी आल्यावर भांडी, कपडे, आवराआवर करताना काहीतरी कानावर असतं. आणि रात्री दिवा मालवून तासभर गाणं. खरं ऐकणं ते एवढंच, बाकी सगळी सोबत.

फोन अँड्रॉइडचा आहे. चष्मा आहे. कानाची भोकं लहान आहेत, मधल्या मापाची रबरी टोपी तासाभरात ठणकायला लागते. आणि वस्तू एकच घ्यायची आहे, "दोन्ही घे" हा सल्ला भावाने देऊन झालाय.

चार नावं काढलीत. डब्ल्यूएच-१०००एक्सएम५: वजन २५० ग्रॅम, नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून ३० तास. डब्ल्यूएच-सीएच७२०एन: १९२ ग्रॅम, ३५ तास. डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५: एकेक बड ५.९ ग्रॅम, एका दमात ८ तास. लिंकबड्स एस: ४.८ ग्रॅम, ६ तास. हे आकडे कंपनीचेच आहेत. ते वाचून काहीच ठरत नाही, म्हणून इथे आले. वरच्या आणि खालच्या मालिकेतला फरक रोजच्या ऐकण्यात खरंच जाणवतो का? एलडॅक नावाचं जे काही आहे त्यासाठी अडून बसावं का? आणि चष्मेवाल्यांनी काय करावं?

कानसेन:

ही चार नावं एकाच शिडीच्या चार पायऱ्या नाहीत, घोळ तिथेच होतो. कानातल्या एक्सएम५ ची तुलना डोक्यावरच्या एक्सएम५ शी करून फार काही हाती लागत नाही. नावाचं शेपूट सारखं आहे, बाकी वस्तू निराळ्या.

आधी नॉइज कॅन्सलेशन. बाहेरचा आवाज माईक टिपतो, आतलं यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना खातात. हे साधतं ते एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजाला: बसचं इंजिन, पंखा, एसी. माणसांचं बोलणं, भांड्यांचा खणखणाट, हॉर्न हे क्षणाक्षणाला बदलतात आणि वरच्या पट्टीत असतात, तिथे यंत्राचं फारसं चालत नाही. ते अडवायचं काम कानावरची गादी किंवा कानातली टोपी करते. म्हणून डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ बरोबर फोमच्या टोप्या येतात. बोटाने दाबून कानात सोडायच्या, मग त्या फुगून भोक बंद करतात. चार मापं मिळतात, सगळ्यात लहान एसएस. लहान भोकांसाठी ती आधी लावून बघा.

वरच्या आणि खालच्या मालिकेतला सगळ्यात ठळक फरक या कॅन्सलेशनमध्येच आहे. डोक्यावरच्या एक्सएम५ मध्ये आठ माईक आहेत आणि २०२५ मध्ये आलेल्या एक्सएम६ मध्ये बारा. सीएच७२०एन त्या मानाने साधा गडी आहे. इंजिनची घरघर तोही कमी करतो, पण एक्सएम५ घालून बसमध्ये बसलात की बस जणू बंद पडल्यासारखी वाटते, तसं इथे होत नाही.

एलडॅकसाठी अडून बसू नका. सोनीनेच तयार केलेली ती पद्धत आहे, ब्लूटूथवरून सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवते. अँड्रॉइडमध्ये आठव्या आवृत्तीपासून आहे, आयफोनवर चालत नाही. गर्दीत जोडणी डळमळली की ती आपोआप ६६० वर, ३३० वर उतरते, म्हणजे बसमध्ये तिचा उपयोग तसाही मर्यादितच. पॉडकास्टला तर शून्य. राहिला रात्रीचा तास. सीएच७२०एनमध्ये एलडॅक नाही, तुमच्या यादीतल्या बाकी तिन्हींत आहे. भावाच्या हेडफोनवर एकच गाणं एलडॅक चालू आणि बंद असं दोन्ही पद्धतींनी लावा आणि कुठलं कुठलं ते न बघता सांगून दाखवा. मला दहापैकी सहा वेळा सांगता आलं, म्हणजे छापा-काट्याहून किंचित बरं.

(अवांतर: १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावायच्या दोन खाचा होत्या, दोघांना मिळून ऐकता यावं म्हणून. आता एकाच घरात चार माणसं चार बड्स घालून फिरतात.)

चष्मिष्ट:

ताई, चष्म्याचा प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधी सोडवा, त्यावर इतर गोष्टी अवलंबून आहेत. चष्म्याची काडी गादीखालून जाते तिथे फट राहते. त्या फटीतून दोन गोष्टी होतात: आतला बास बाहेर गळतो आणि बाहेरची घरघर आत येते. म्हणजे भारी कॅन्सलेशनचे पैसे मोजायचे आणि त्यातलं थोडं काडीने खायचं. काडी बारीक, धातूची असेल तर फारसं बिघडत नाही. जाड प्लास्टिकची असेल तर बिघडतं.

दुसरं म्हणजे दुखणं. दुकानात दोन मिनिटं घालून काहीच कळत नाही. दुखायला लागतं ते विसाव्या मिनिटानंतर, कानाच्या वरच्या कडेला, जिथे काडी आणि गादी एकमेकींना भिडतात. एक्सएम५ ची गादी मऊ आहे आणि कान पूर्ण आत जातो. सीएच७२०एनचे कप थोडे लहान आहेत, पण एकूण पकड हलकी. कोणाकडून तरी उसने आणा आणि एक अख्खी मीटिंग त्यातून ऐका. भावाकडे आहेत म्हणालात ना? काढा त्याच्याकडून, "दोन्ही घे" म्हणणाऱ्याचं तेवढं कर्तव्यच आहे.

रात्रपाळी:

मीटिंगांबद्दल कोणी बोललं नाही, आणि या बाईंच्या डोक्यावर सगळ्यात जास्त वेळ तेच चालणार आहे.

लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोनचा माईक चालू झाला की जोडणीची जातच बदलते. गाणी ऐकायची ती चांगली वाट सोडून ती फोनवर बोलायच्या वाटेवर जाते, आणि आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. लोकांना वाटतं हेडफोन बिघडले. बिघडलेलं काही नसतं, आणि हे सगळ्या कंपन्यांच्या बाबतीत होतं. उपाय फुकट आहे: मीटिंगच्या सेटिंगमध्ये ऐकायला हेडफोन निवडा आणि बोलायला लॅपटॉपचाच माईक. शांत खोलीत समोरच्याला बहुधा तुमचा आवाज आणखी चांगला ऐकू जातो.

फोन आणि लॅपटॉप दोन्ही एकाच वेळी जोडता येणं (मल्टिपॉइंट) तुम्हाला लागणारच. यादीतल्या चारही मॉडेलना ते जमतं. कोणी जुना डोक्यावरचा एक्सएम४ सुचवला तर एवढं लक्षात ठेवा: त्यात दोन जोडण्या चालू केल्या की एलडॅक बंद होतं. एक्सएम५ मध्ये ती अडचण नाही. एक्सएम४ चा एक गुण मात्र कबूल, तो दुमडून मूठभर होतो. एक्सएम५ नुसता चपटा होतो, सीएच७२०एनही तसाच. एक्सएम६ ला पुन्हा दुमडायची अक्कल आली.

आळशी ससा:

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी, तुमचा माईकचा उपाय जुन्या अर्धमेल्या बडवर लगेच करून पाहिला. तीन वर्षं मी त्या बिचाऱ्याला शिव्या घालत होते, दोष त्याचा नव्हताच (बॅटरीचा होता, तो वेगळा).

भावाकडून एक्सएम५ आणलेत, शेजारच्या ताईंकडे सीएच७२०एन निघाले. काडी बारीकच आहे. तीन-चार दिवस वापरून सांगते. तोवर एक सांगा, इअरबड्स यादीतून काढूनच टाकू का? भांडी घासताना डोक्यावर टोपलं घालून घाम येईल असं वाटतं.

गाळीव रत्न:

काढू नका हो. घरकामाला आणि आडवं पडून ऐकायला कानातलेच बरे. कुशीवर झोपून डोक्यावरचे घालता येत नाहीत, उशी कप ढकलते. लिंकबड्स एस इतके लहान आहेत की उशीला फारसे भिडत नाहीत. घामाचं, शिंतोड्यांचं म्हणाल तर ते आणि डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ दोन्ही आयपीएक्स४ आहेत, ओल्या हाताची भीती नाही. डोक्यावरच्या दोघांना पाण्यापासून असं कुठलंच संरक्षण नाही. फक्त नुसते "लिंकबड्स" आणि "लिंकबड्स एस" यांत गल्लत करू नका. नुसत्या लिंकबड्सच्या मधोमध आरपार भोक आहे, बाहेरचं सगळं ऐकू यावं म्हणून मुद्दाम ठेवलेलं. त्यात नॉइज कॅन्सलेशन नाही.

कानसेन:

गाळीव रत्न यांच्याशी निम्मा सहमत. बडमध्ये बॅटरी शेंगदाण्याएवढी असते आणि डबीत ठेवला की दर वेळी तो पुन्हा भरतो. रोज पाच-सहा तास वापरणाऱ्याच्या बडची बॅटरी आधी थकणार, हेडफोनची बरीच नंतर. धागाकर्तीचा डावा बड त्यानेच गेला असणार.

आणि ताई, हिशेब एकदा उलटा मांडून बघा. तुम्ही रात्रीच्या एका तासासाठी हेडफोन निवडताय आणि दिवसाचे पाच तास ते नुसते सोसणार आहात. रात्री शांतता असते. कॅन्सलेशन बंद करा, आवाज कमी ठेवा, साधे हेडफोनही छान वाजतात. सोनीच्या अ‍ॅपमधला इक्वलायझर मात्र हाताळा. सुरुवातीला बास जरा पुढे असतो, डग्ग्याचा घुमारा तंबोऱ्यावर चढून बसतो. खालची पट्टी दोन घरं उतरवली की मोकळं होतं.

चष्मिष्ट:

कानसेन, बस विसरलात. कॅन्सलेशन कमी असेल तर माणूस इंजिनवर मात करायला आवाज चढवतो, आणि कान बिघडतात ते तिथे. जागतिक आरोग्य संघटनेचं माप आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास असं आहे. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ वर २० तास आणि ८६ वर १०. दिवसाचे दीड तास बस म्हणजे कामाच्या पाच दिवसांत साडेसात तास झाले. माझं मत एक्सएम५.

आळशी ससा:

आले परत. पाच दिवस झाले.

बसमध्ये एक्सएम५ घातल्यावर चष्मिष्ट म्हणतात तसंच झालं, आवाज नेहमीच्या निम्म्यावर आला तरी पॉडकास्ट स्पष्ट. एक थांबा चुकले. सीएच७२०एनमध्ये घरघर राहते, पण पूर्वीच्या बडपेक्षा कितीतरी कमी, आणि आवाज चढवावा लागला नाही. हे मुद्दाम बघितलं. दोन्ही दिवशी आवाजाची खूण एकाच जागी ठेवून निघाले आणि कुठे हात जातो ते पाहिलं.

एलडॅकच्या परीक्षेत दहापैकी चार. कानसेन, मी तुमच्याही खाली.

निकाल लागला तो मीटिंगमध्ये. चार तासांच्या दिवशी एक्सएम५ ने कान दुखले नाहीत, पण संध्याकाळी टाळूवर वजन जाणवत होतं. सीएच७२०एन घातलेत हे मी विसरले आणि तशीच दार उघडायला गेले. ५८ ग्रॅमचा फरक वाचताना क्षुल्लक वाटला होता, मानेला तो नेमका कळला. भांड्यांचं म्हणाल तर पंख्याखाली चालून गेलं, घाम विशेष नाही. हात पुसूनच कप धरायचे, एवढं पथ्य. झोपताना काढून ठेवते, तसंही गाणं संपायच्या आत डोळा लागतो आणि बड असते तर उशीखाली हरवले असते.

तर सीएच७२०एन. ताईंचे परत केले, माझे काल आले. भाऊ रागावलाय.

चष्मिष्ट, अ‍ॅपमध्ये तुमचं ते आठवड्याचं आवाजाचं मोजमाप सापडलं, चालू केलंय. आता एकच राहिलं. जुने बड्स खणात पडलेत, डावा तर चार्जही होत नाही. कचऱ्यात टाकू का?

रात्रपाळी:

नेहमीच्या कचऱ्यात नको. आत लिथियमची बॅटरी आहे, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. ई-कचरा घेतात तिथे डबीसकट द्या. आणि तोवर डबीत चार्जिंगला लावून ठेवू नका, विशेषतः तो डावा.