कार्डिनल मिगेल दा सिल्वा: १५३९ की १५४१?

प्रश्न (जुनीपाने): पोर्तुगालचे बिशप मिगेल दा सिल्वा कार्डिनल (चर्चमधले पोपखालोखालचे मानाचे पद) झाले ते साल कुठे १५३९ सापडते, कुठे १५४१. शिवाय आपल्याच वकिलाला (राजदूताला) हा मान मिळाल्यावर पोर्तुगालचा राजा इतका का भडकला?

दफ्तरदार: दोन्ही साले बरोबर आहेत. १५३९ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने त्यांची निवड केली, पण नाव गुप्त ठेवले. याला 'इन पेक्तोरे' म्हणतात. नाव जाहीर होईपर्यंत अशा कार्डिनलला कोणताच अधिकार चालवता येत नाही. ते जाहीर झाले डिसेंबर १५४१ मध्ये. टिपणात दोन्ही साले द्या.

आता राजाचा राग. तिसऱ्या जुआंवला कार्डिनलपद हवे होते ते धाकट्या भावासाठी, एन्रिकसाठी. त्याला ते मिळाले थेट १५४५ मध्ये. दा सिल्वा तर विसेउचे बिशप आणि राजाचे खासगी चिटणीस, म्हणजे दरबारातली गुपिते जाणणारा माणूस. १५४० मध्ये ते परवानगीशिवाय निसटून इटलीत गेले. इन्क्विझिशनवरून (धर्मविरोधकांवर खटले चालवणारे चर्चचे न्यायालय) रोमशी ताणाताणी चालू असताना हा माणूस पोपच्या बाजूला जाणे राजाला परवडणारे नव्हते. १५४२ मध्ये त्याने त्यांचे पोर्तुगीजपण आणि सगळी पदे काढून घेतली. ते परतलेच नाहीत. १५५६ मध्ये रोममध्ये वारले.

मशालजी: एक चूक फार होते. मिगेल यांचे वडील दियोगु दा सिल्वा, पोर्तालेग्रेचे पहिले काउंट. १५३६ मध्ये पोर्तुगालचा पहिला मुख्य इन्क्विझिटर (इन्क्विझिशनचा प्रमुख) झालेला साधूही दियोगु दा सिल्वाच! माणसे वेगळी. नावापुढचे पद पाहिल्याशिवाय संदर्भ उचलू नका.

आणि फक्त राजकारणावर थांबू नका. १५१५ पासून दहा वर्षे मिगेल रोममध्ये वकील होते. तिथे जुळलेल्या स्नेहातून इटालियन लेखक कास्तिल्योनेने १५२८ मध्ये व्हेनिसला छापलेला 'कोर्तेजानो' हा दरबारी माणसाच्या वागणुकीवरचा ग्रंथ त्यांना अर्पण केला. परतताना त्यांनी फ्रान्चेस्को दा क्रेमोना हा वास्तुकार सोबत आणला. विसेउच्या कॅथेड्रलमधला कमानींचा चौक पाहा, इटालियन वळण लगेच कळते. दोरू नदीच्या मुखाशी, वाळूच्या दांड्यावर जहाजे आपटत तिथे, त्यांनी साओ मिगेल-ओ-आंजो हे प्रार्थनाघर-दीपगृह उभारले. ते आजही आहे.

जुनीपाने: दीपगृह बिशपने का बांधावे? ते राजाचे काम ना?

मशालजी: दा सिल्वा सांतु तिर्सु मठाचे नेमलेले प्रमुख होते. मठात न राहता उत्पन्न घेण्याची ती पद्धत. नदीमुखावरचे फोझ गाव त्या मठाच्या मालकीचे, म्हणून ते काम त्यांच्याकडे. शेजारचे त्यांचे चर्च मात्र पुढे किल्ल्याच्या तटात गेले. अवशेष आतच शोधावे लागतात.