पॅरामॅटा ईल्सचा सुवर्णकाळ: एकही ट्राय नसलेली १९८६ ची फायनल एवढी लाडकी का?

सांगलीकर_वेस्टमीड

नमस्कार मंडळी. आम्ही सिडनीत वेस्टमीडला राहतो, तीन वर्षं झाली. शेजारी एक आजोबा आहेत, जन्म १९४७ चा, पॅरामॅटा ईल्स हा रग्बी क्लब इथल्या लीगमध्ये आला तेही त्याच वर्षी, त्यामुळे ते स्वतःला क्लबचा जुळा भाऊ म्हणतात. माझा मुलगा ११ वर्षांचा, शाळेतून आला की दप्तर टाकून थेट त्यांच्या ओट्यावर. निळं-पिवळं वेड त्याला तिथूनच लागलं आणि आता घरात फूटी (इथे रग्बीला तेच म्हणतात) सोडून दुसरा विषय नाही.

आजोबांकडे बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक लाकडाचा तुकडा आहे, वीतभर, एका बाजूने पूर्ण कोळसा झालेला. १९८१ ला टीम पहिल्यांदा चँपियन झाली त्या रात्री लोकांनी कंबरलँड ओव्हलचं जुनं लाकडी स्टँड पेटवून दिलं होतं, त्यातला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उचलून आणला म्हणाले. मी हातात घेतला तर बोटांना काळं लागलं, इतक्या वर्षांनी सुद्धा.

तर प्रश्न असा. येत्या रविवारी आम्हाला त्यांच्यासोबत एक जुनी फायनल पूर्ण बघायची आहे. मला वाटलं ते १९८१ म्हणतील, नाहीतर ८२ किंवा ८३ ची मॅनलीविरुद्धची. पण नाही, त्यांना १९८६ च हवी. मी स्कोअर बघितला तर ४-२! दोन्ही टीमचा मिळून एकही ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) नाही, फक्त पेनल्टीच्या किका. मी आपला कबड्डीवाल्या गावातला माणूस, टॅकल बघायला मलाही आवडतं, पण जिथे एवढे भारी खेळाडू होते तिथे सगळ्यात लाडकी मॅच ही कशी? त्यांना विचारलं तर नुसते हसतात, बघ म्हणतात. त्या काळात इथे असलेलं कुणी आहे का? थोडं सांगा म्हणजे मॅच बघताना मला आणि पोराला कळेल काय बघायचं ते.

टूंगॅबीची_काकू

अरे वा, कुणीतरी हा विषय काढला! आम्ही १९८२ ला आलो, तेव्हा या भागात मराठी बोलायला माणूस मिळायचं नाही, भाजीत घालायला कढीपत्ता मिळायचा नाही, आणि दर सोमवारी कामावर गेलं की सगळे फूटीबद्दल बोलायचे आणि मी आपली गप्प. मग मीच ठरवलं की आपण पण बघायचं. पहिल्यांदा काही कळलं नाही, नुसती माणसं एकमेकांवर आदळतायत. आमच्या सेक्शनमधल्या एका बाईने कागदावर काढून दाखवलं, हे बघ, सहा वेळा पाडलं की बॉल दुसऱ्याला द्यायचा. तेवढं कळलं आणि मग मी त्यातली झाले ती आजपर्यंत.

८६ ची फायनल आम्ही घरी बघितली, २८ सप्टेंबर, रविवार. ह्यांची रात्रपाळी होती पण झोपले नाहीत. मी कणीक मळायला घेतली होती आणि ती तशीच परातीत राहिली, वर पापुद्रा धरला तिच्यावर. मॅच संपेपर्यंत उठताच आलं नाही रे. चार-दोन म्हणजे तुला आता कमी वाटतं, पण एक चूक झाली की सगळं गेलं असं तासाच्या वर चाललेलं. शेवटी मिक क्रोनिन आणि रे प्राइस कप उचलतात, ते दोघांचंही शेवटचं. मी रडले. मला इथे येऊन चार वर्षं झाली होती आणि इथल्या कुठल्या गोष्टीसाठी पहिल्यांदा रडले ती ही. मुलाला सांग, प्राइसकडे बघ. डोक्याला हेडगियर घातलेला. तो सगळीकडे असतो, कॅमेरा कुठेही वळू दे.

बेल्मोरच्या_टेकडीवरून

काकू 🙏 माझं मराठी थोडं कच्चं आहे, सांभाळून घ्या, वाढलो इथेच.

सांगलीकर दादा, ८६ कळायची असेल तर मागे १९७७ ला जावं लागतं. १९७६ ला क्लबची पहिली ग्रँड फायनल, मॅनलीकडून १३-१० ने हरले. ७७ ला परत फायनल, सेंट जॉर्जशी, पॅरामॅटाने शेवटी शेवटी ट्राय मारून ९-९ केलं, आता फक्त ट्रायनंतर मिळणारी वरची किक गेली की चँपियन, आणि किक मारायला क्रोनिन. साइडला, अवघड कोन. नाही गेली. एक्स्ट्रा टाइम झाला तरी ९-९, मग पुढच्या आठवड्यात मॅच परत खेळवली आणि त्यात २२-० ने धुतले गेले. आता बघा, नऊ वर्षांनी, करिअरची शेवटची मॅच, सीझनचा बराचसा भाग डोळ्याच्या दुखापतीने बाहेर काढलेला, आणि पॅरामॅटाचे चारच्या चार पॉइंट क्रोनिनच्या दोन किकचे. आजोबा हसतात ते याच्यासाठी असणार. तो माणूस राहायला जेरिंगाँगला, खाली समुद्रकाठी, ट्रेनिंगला तिथून गाडी चालवत यायचा आणि रात्री परत जायचा, कधी सिडनीत राहायला आला नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. स्टँड जळलं ना, मग आपल्याला घरच उरलं नाही. १९८२ ते ८५ चार सीझन होम मॅच बेल्मोरला खेळलो, आणि बेल्मोर म्हणजे कँटरबरी या दुसऱ्या क्लबचं मैदान! बाबा मला तिथे घेऊन जायचे, मी आठ-नऊ वर्षांचा, गवताच्या उतारावर चादर टाकून बसायचो, आईने दिलेल्या चटणी-सँडविचचा डबा. दुसऱ्याच्या अंगणात पाहुणे म्हणून राहायचं आणि तिथून चँपियन व्हायचं. ८४ च्या फायनलला त्याच कँटरबरीने आपल्याला ६-४ ने हरवलं. ८६ च्या मार्चमध्ये आपलं नवीन स्टेडियम झालं, राणी एलिझाबेथ आली होती उद्घाटनाला, आणि त्याच वर्षी फायनलला समोर परत कँटरबरी. म्हणून ४-२.

पण खेळ म्हणून विचाराल तर मी ८६ नाही सांगणार. ब्रेट केनी बघायचा असेल तर ८१, ८२, ८३ बघा. तिन्ही फायनलला दोन-दोन ट्राय. तीन वर्षं, प्रत्येक वेळी दोन! आणि पळताना असं वाटायचंच नाही की जोर लावतोय, बॉल दोन्ही हातात पुढे धरलेला, समोरचा विचार करतो पास देणार की काय, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात हा त्याच्या बाजूने निघून गेलेला. १९८५ ला इंग्लंडमध्ये विगनकडून वेंब्लीला खेळला चॅलेंज कपची फायनल, आणि समोर हलकडून कोण तर आपलाच पीटर स्टर्लिंग! विगन २८-२४ ने जिंकलं, मॅन ऑफ द मॅच केनी. पण घरी परत आले की दोघं एकमेकांना न बघता पास द्यायचे. स्टर्लिंग हाफबॅक, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, डोक्यात सगळं मैदान असलेला माणूस. ८६ च्या फायनलचा बेस्ट प्लेअर तोच, क्लाइव्ह चर्चिल मेडल त्या वर्षी पहिल्यांदा दिलं गेलं ते त्याला. बाहेरच्या बाजूला स्टीव्ह एला, विंगला एरिक ग्रोथ, ज्याला पाडायला तीन-तीन जण लागायचे. एका क्लबला एवढे सगळे एका वेळी कसे मिळाले, अजून कळत नाही मला.

शिवाजी_पार्क_१९५८

मी मेलबर्नचा, रग्बीतलं फार कळत नाही, पण सुवर्णकाळ म्हटलं की मुंबईचा रणजीचा आठवतो. १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ वेळा. माझे वडील सांगायचे की शेवटी शेवटी लोकांना ते रोजच्या वरणभातासारखं झालं होतं, मुंबई जिंकली म्हणून पेढे कोणी वाटत नसे. इथे सेंट जॉर्जचं तसंच, १९५६ ते ६६ सलग ११. आणि गंमत म्हणजे मी आत्ता बघितलं, त्याच १९५६ पासून ६१ पर्यंत सलग सहा वर्षं पॅरामॅटा शेवटच्या नंबरवर! म्हणजे तुमचे आजोबा ९ वर्षांचे असल्यापासून १४ चे होईपर्यंत दर वर्षी आपली टीम तळाला बघत होते आणि तरी जात होते. पहिला कप हातात येईपर्यंत ३४ वर्षं गेली. अशा माणसाला चार कप म्हणजे काय ते मुंबईकराला नाही कळायचं, हे मी मनापासून म्हणतोय.

ब्लॅकटाउन_२००५

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही नंतर आलेल्या लोकांनी फक्त हरणं बघितलंय. २००१ ची फायनल मी नंतर रेकॉर्डिंगवर बघितली, त्या सीझनला पूर्ण लीगला झोडपून काढलं होतं, आणि फायनलला न्यूकॅसलसमोर हाफटाइमला २४-० ने मागे, शेवटी ३०-२४. २००९ ला मी स्वतः मैदानात होतो, जॅरिड हेनने एकट्याने ओढत आणलं होतं टीमला, मेलबर्नकडून २३-१६. पुढच्या वर्षी सॅलरी कॅपच्या (खेळाडूंच्या पगारावरच्या मर्यादेच्या) भानगडीत मेलबर्नचं ते टायटल काढून घेतलं पण आपल्याला थोडंच दिलं. २०२२ ला परत फायनल, पेनरिथकडून २८-१२. दर वेळी टीव्हीवर ८६ ची क्लिप दाखवतात आणि मला अस्वस्थ व्हायला होतं, कारण आत्ताची पोरं पण जीव तोडून खेळतात आणि त्यांच्या मानेवर कायम प्राइस आणि स्टर्लिंगचं ओझं. तुमच्या मुलाला जुनं जरूर दाखवा पण त्याला मैदानावर पण न्या. त्याची टीम आत्ताची आहे.

टूंगॅबीची_काकू

ब्लॅकटाउन, राग कसला, बरोबर बोललास. पण एक सांगते, आम्ही जुनं उगाळतो ते आत्ताच्यांना कमी लेखायला नाही रे. त्या लोकांनी आम्हाला इथलं केलं. ईल म्हणजे वाम, वामीच्या नावाची टीम! इथल्या मूळच्या लोकांच्या भाषेत पॅरामॅटा म्हणजे वाम माशांची जागा. मी रत्नागिरीची, वाम मी लहानपणी खाडीत बघितलेली, घरी सांगितलं तर आई म्हणाली मग आपलीच की.

सांगलीकर_वेस्टमीड

सगळ्यांचे खूप आभार. काल बघितली मॅच. क्रोनिनची ७७ ची गोष्ट मी पोराला आधीच सांगून ठेवली होती, पहिली पेनल्टी गेली तेव्हा त्याने माझा हात इतका घट्ट धरला की काय सांगू. आजोबांनी आवाज पूर्ण बंद करायला लावला. मला वाटलं कॉमेंट्री नको असेल, पण ते आत गेले आणि एक छोटी वही घेऊन आले, निळ्या शाईत, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, पानंच्या पानं. त्या दिवशी मैदानात बसून त्यांनी रे प्राइसचे टॅकल मोजले होते. स्कोअर सगळ्यांना आठवतो म्हणाले, हे कोण लिहिणार.

पोराने पेन्सिल घेतली आणि स्क्रीनजवळ जमिनीवर बसून मोजायला लागला. दर टॅकलला आजोबा नुसतं बोट वर करायचे. हाफटाइमला दोघांच्या रेघा जुळेनात, पोराच्या तीन जास्त. बराच वेळ वाद झाला, दुसऱ्याने आधी धरला आणि प्राइसने नंतर पाडला तर रेघ कोणाची यावर. मी म्हटलं आमच्याकडे कबड्डीत पकड सगळ्यांची असते, तर दोघंही माझ्यावरच ओरडले. पहिला हाफ पुढच्या रविवारी परत बघायचा ठरलाय. ब्लॅकटाउन, त्याच्या आदल्या दिवशीची स्टेडियमची तिकिटं काढलीत, आम्ही तिघं जातोय.