म्हशींच्या देवी: धार काढणाऱ्यांना लस द्यावी का?

गोठेकरी: म्हशीच्या सडांवर देवी उठल्या की जनावरांचे डॉक्टर येतात. पण तिची धार काढणाऱ्या बाईच्या बोटांवर, मनगटावर तसेच फोड येतात, ताप चढतो, काखेत अवधाण येतं, म्हणजे गाठ सुजते; तिच्याकडे कोण बघतं? 2009 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सोलापूर, कोल्हापूर जिल्ह्यांतल्या गावांत हेच झालं. माणसांच्या देवीची लस 1980 च्या सुमारास थांबली. आज चाळिशीच्या आतल्यांच्या दंडावर तो व्रणच नाही. म्हशीचा हा विषाणू व्हॅक्सिनिया नावाच्या विषाणूचाच प्रकार, आणि देवीची लसही व्हॅक्सिनियाचीच. दूधधंद्यातल्या माणसांना ती पुन्हा द्या, असं माझं ठाम मत आहे.

त्वचावैद्य: माझा विरोध. ती जिवंत विषाणूची लस आहे. इसब असलेल्यांना, गरोदर बायांना, एचआयव्हीबाधितांना धोक्याची, आणि टोचलेल्या जागेवरून घरातल्यांनाही लागू शकते. लसीतला विषाणूच पूर्वी माणसांकडून म्हशींत गेला असावा, असं बरेच संशोधक मानतात. हातावरचे फोड बहुतेकांचे काही आठवड्यांत खपली धरून बरे होतात. तेवढ्यासाठी हा धोका नको.

गोठेकरी: डॉक्टर, ते काही आठवडे घरातली धार कोण काढणार? आणि 2004-05 मध्ये कराचीच्या रुग्णालयांत भाजलेल्या रुग्णांच्या जखमांत हाच विषाणू सापडला होता. एमपॉक्स या देवीसारख्या रोगासाठी एमव्हीए लस वापरतात; तिच्यातला दुबळा केलेला व्हॅक्सिनिया माणसाच्या शरीरात वाढत नाही. ती तरी द्या.

सांगोल्याची_सून: आमच्याकडे धार मीच काढते. धार बंद ठेवा म्हणणाऱ्यांनी एकदा दगडी झालेली कास बघावी. हातमोजा दुखऱ्या सडाला घासला की म्हैस लाथ झाडते. जमतं ते एवढंच: आजारी म्हैस सगळ्यांत शेवटी पिळायची, मग साबणानं हात धुवायचे, पडलेल्या खपल्या गोळा करून जाळायच्या. खपलीत विषाणू फार दिवस टिकतो. हाताला चीर असेल तर दुसऱ्यानं बसावं, पण दुसरं कुणी असतं का घरात?

त्वचावैद्य: ताई, तुमचं खरं आहे. गोठेकरी, एमव्हीएचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं द्यावे लागतात; साथ गावात शिरल्यावर ती उशिराच पोचणार. आधी साथ ओळखू तर द्या. बोटावर फोड घेऊन आलेल्या बाईला "गोठ्यात म्हैस आजारी आहे का?" एवढा प्रश्न विचारला जात नाही. प्रतिजैविकं लिहून दिली जातात, ती विषाणूवर चालत नाहीत. खपलीचा नमुना पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेला पाहिजे. ते होत नाही तोवर लसीची मागणी मला पटणार नाही.